पाणी कुठून येतं?

जुन्या वस्तीतली इमारत वाचवायचं ठरलं की चर्चा बहुतेक वेळा दर्शनी बाजूपासून सुरू होते. मूळ रंग कोणता होता, सज्जाचा कठडा कसा होता, दारावरची नक्षी आता कोण कोरून देईल. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्यांची पाळी बरीच नंतरची. आधी शोधायचं ते एवढंच: या घरात पाणी कुठून येतं आणि आलेलं पाणी बाहेर कसं पडतं. याचं उत्तर मिळालं की निम्म्या दुखण्यांचं मूळ हाती लागतं.

पन्हळीच्या तोंडाशी मूठभर पाचोळा अडकतो. पाणी काठावरून ओघळून भिंतीत मुरायला लागतं. नेमक्या त्याच उंचीवर तुळईचं टोक भिंतीत बसवलेलं असतं. ते ओलं राहतं, कुजतं. तुळई दोन बोटं खाली बसते, तिच्यावरची जमीन कलते, वरच्या मजल्याच्या भिंतीला चीर जाते. त्या चिरेतून आणखी पाणी शिरतं. काही वर्षांनी इमारत धोकादायक ठरते आणि पाडण्याचा कागद निघतो. पाचोळा काढायला एक शिडी आणि अर्धा तास लागला असता. जुन्या इमारती म्हाताऱ्या झाल्या म्हणून पडतात, हा समज मला फार घातक वाटतो. कोरडं आणि हवेशीर राहिलेलं लाकूड शतकानुशतकं टिकतं. इमारत पडते ती दुर्लक्षामुळे, आणि तितक्याच वेळा चुकीच्या दुरुस्तीमुळे.

म्हणून पाहणी भर पावसात करावी. उन्हाळ्यात दिसतात ते डाग. ते कधीचे, हे कळत नाही. पावसात पाणी प्रत्यक्ष चालताना दिसतं: कोणत्या कौलाखालून येतं, पन्हळ कुठे भरून वाहते, नळाचा कोणता सांधा भिंतीला भिजवतो, पागोळ्या जोत्यापासून किती लांब पडतात. छपरापासून सुरुवात करून खाली यावं. डाग जिथे दिसतो तिथे गळती असतेच असं नाही. वाशावरून घरंगळत पाणी दोन-तीन मीटर लांब जाऊन टपकतं.

खालून येणारी ओल हा वेगळा प्रकार. तिच्याकडे पाहताना जोत्याआधी रस्ता पाहावा. रस्त्यावर थरावर थर चढत जातात आणि दर वेळी काही सेंटीमीटर उंची वाढते. पन्नास-साठ वर्षांत जोत्याच्या पायऱ्या जमिनीत जातात, आणि जी भिंत कोरडी राहावी म्हणून उंचावर बांधली होती ती मातीत उभी राहते. बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा निदान १५० मिलिमीटर खाली हवी. ती नसेल तर कोणतंही रसायन भिंतीत टोचण्याआधी बाहेरची भर काढावी, उतार भिंतीपासून दूर द्यावा आणि भिंतीलगतचा सिमेंटचा कोबा उखडावा. कोब्याखाली अडकलेल्या ओलीला वर चढायला भिंतीचीच वाट उरलेली असते. मात्र खणताना पायाच्या तळाखाली जायचं नाही आणि सगळी लांबी एकदम उघडायची नाही. जुने पाये पुष्कळदा आपल्याला वाटतात त्याहून उथळ असतात.

ओल भिंतीतून येते की हवेतली बाष्पं भिंतीवर साचतात, हे ओळखायचा एक साधा उपाय आहे. साधारण ४५ सेंटीमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही कडांनी घट्ट चिकटवावा आणि एक दिवस ठेवावा. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर दोष हवेच्या कोंडीचा. खिडकी उघडली, चुलीचा किंवा न्हाणीचा वाफारा बाहेर काढला की प्रश्न सुटतो. थेंब भिंतीच्या बाजूला जमले तर पाणी भिंतीत आहे. दोन सुया टोचून आकडा दाखवणाऱ्या विजेच्या मापकावर इथे विसंबू नये. भिंतीत क्षार असले की तो कोरड्या भिंतीलाही ओली ठरवतो, कारण तो पाणी मोजत नाही, विजेचं वहन मोजतो. खात्री हवी असेल तर भिंतीला भोक पाडून खोलातला भुगा काढावा, वजन करावं, भट्टीत वाळवून पुन्हा वजन करावं.

आता सिमेंटबद्दल. जोसेफ ॲस्पडिननं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं १८२४ साली, आणि ते सर्रास वापरात यायला आणखी बराच काळ गेला. त्याआधीच्या, आणि त्यानंतरच्याही अनेक भिंती चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या आहेत. अशा भिंतीत ओल अडवणारा थर नसतो. भिंत थोडं पाणी पिते आणि दरजांमधून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, ते बाहेर सोडते. दरज विटेपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असल्यामुळे पाणी तिथून उडतं, क्षार तिथेच स्फटिक होऊन साठतात आणि हळूहळू दरज भुरभुरीत होते. वीट शाबूत राहते. काही दशकांनी दरजा नव्याने भरायच्या, की भिंत पुन्हा तयार. झिजायचं कोणी, हे बांधणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

त्याच भिंतीत सिमेंटच्या दरजा भरल्या की सगळं उलटं होतं. पाण्याची वाट बंद होते, ते विटेतून बाहेर पडायला लागतं. क्षार विटेच्या पृष्ठभागाच्या जरा आत स्फटिक होतात, फुगतात आणि विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटून पडतो. विटा झिजून आत गेलेल्या आणि मधे सिमेंटची जाळी पुढे आलेली, अशा भिंती जुन्या वस्त्यांत जागोजाग दिसतात. सिमेंटचा गिलावा केला तर तेच झाकलेल्या अंगानं घडतं: वर्ष-दोन वर्षं भिंत छान दिसते, मग ओलीची रेषा गिलाव्याच्या वरच्या कडेच्या वर सरकते, लोणा लागतो म्हणजे पांढरे क्षार फुटतात, पोपडे निघतात. मग गिलावा आणखी उंच केला जातो आणि ओलही त्याच्यामागोमाग वर चढते. पाणी अडवणारे चकचकीत रंग आणि सिलिकॉनचे लेपही याच वर्गातले.

हे अज्ञान फक्त गवंड्याचं होतं असं म्हणता येत नाही. १९३१ साली अथेन्सला भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनं जुन्या वास्तू बळकट करण्यासाठी आधुनिक साधनांना, विशेषतः लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटला, विचारपूर्वक वापराच्या अटीवर मान्यता दिली होती. त्याच शहरातल्या पार्थेनॉन या प्राचीन ग्रीक मंदिराची तोवर झालेली दुरुस्ती आज या क्षेत्रातला सर्वांत मोठा धडा मानली जाते. मूळ ग्रीक कारागिरांनी संगमरवराचे ठोकळे लोखंडी पट्ट्यांनी जोडले होते, पण पट्ट्यांभोवती शिसं ओतलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस यांच्या देखरेखीखाली झालेल्या कामात लोखंड शिशाच्या त्या संरक्षणाविना वापरलं गेलं. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान कित्येक पटींनी वाढतं. संगमरवर आतून फुटला. १९७५ नंतर सुरू झालेल्या कामात ते लोखंड एकेक करून काढून टायटॅनियम बसवावं लागलं. हेतू उत्तम होता, हुद्दा मोठा होता, तरी दगड फुटलाच.

आधी मारलेलं सिमेंट काढावंच का? भिंतीपासून सुटलेलं, ठोकल्यावर पोकळ वाजणारं असेल तर निःशंक काढावं. विटेला घट्ट धरून बसलं असेल तर काढताना विटेचा चेहरा सोबत येतो. तिथे हात आवरावा आणि सुटेल तेव्हा बदलावं. दरजा उकरायला फिरत्या पात्याचं यंत्र वापरू नये, ते विटेच्या कडा खातं. छिन्नी आणि हातोडीनं, दरजेच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोलीपर्यंत, साधारण २० ते २५ मिलिमीटर उकरावं, धूळ काढावी, पाणी शिंपडावं आणि मगच भरावं. भरलेला चुना विटेच्या कडेवर फासू नये, किंचित आत ठेवावा. जरा आवळला की ताठ केसांच्या ब्रशानं ठोकावा, म्हणजे तो दाबला जातो आणि पृष्ठभाग उघडा, खरखरीत राहतो. भिंत धुवायला वाळूचा मारा कधीही करू नये. भट्टीत भाजताना विटेवर आलेली कडक त्वचा एकदा गेली की परत मिळत नाही.

चुन्याचं काम अवघड नाही, पण त्याला घाई चालत नाही. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की पाणी उकळायला लागतं. इथे कळी पाण्यात टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही, आणि डोळ्यांवर बंद चष्मा असल्याशिवाय जवळ जायचं नाही. चुन्यानं डोळा कायमचा जाऊ शकतो. विरलेला चुना गाळून पाण्याखाली निदान दोन-तीन महिने मुरू द्यावा, जितका जास्त तितका लोण्यासारखा होतो. पोत्यातला तयार भुकटी चुना वापरायचा असेल तर तो ताजा हवा. चिमूटभर घेऊन त्यावर व्हिनेगर टाकावं. जोरात फसफसला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन तो पुन्हा चुनखडी झालेला आहे, त्यात धरण्याची ताकद उरलेली नाही.

चुना आणि वाळूचं १ ला ३ हे प्रमाण सगळीकडे ठोकून दिलं जातं, पण त्यामागचं कारण समजून घेतलं तर प्रमाण स्वतः काढता येतं. वाळूच्या कणांमधली पोकळी चुन्यानं भरायची असते. एक लिटर कोरडी वाळू भांड्यात घ्यावी आणि मोजून पाणी ओतावं. पाणी वाळूच्या पातळीला आलं की थांबावं. ३३० मिलिलिटर लागलं तर प्रमाण १ ला ३. ४०० लागलं तर १ ला अडीच. वाळू टोकदार, लहान-मोठ्या कणांची आणि धुतलेली हवी. समुद्राची वाळू क्षार घेऊन येते. मिसळताना वरून पाणी घालायचा मोह आवरावा. सुरुवातीला मिश्रण कोरडं वाटतं, पण कुटत आणि मळत राहिलं की चुन्यातलंच पाणी सुटतं. जुन्या काळी चुना मळायच्या घाण्याचा दगड नेमकं हेच करायचा. जास्तीचं पाणी सुकताना भेगा पाडतं.

चुना वाळून कडक होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन होतो आणि त्यासाठी ओलावा लागतो. महिन्याला सुमारे एक मिलिमीटर, असा त्याचा ढोबळ वेग धरतात. म्हणून एका थराची जाडी १० मिलिमीटरच्या आसपास ठेवावी, पुढचा थर आधीचा नखानं जेमतेम खरवडला जाईल एवढा घट्ट झाल्यावर द्यावा, आणि ऊन-वाऱ्यापासून ओल्या गोणपाटानं झाकून निदान आठवडाभर ओल राखावी. भर उन्हात उघडा सोडलेला गिलावा दोन दिवसांत कोरडा होतो आणि बोट फिरवलं तरी पिठासारखा निघतो. मग दोष चुन्याला दिला जातो आणि पुन्हा सिमेंट येतं. जिथे सतत ओल आहे तिथे सुरखी, म्हणजे कमी भाजलेल्या विटांची पूड, मिसळावी. ती चुन्याशी पाण्यातही बांधली जाते. १ भाग चुना, १ भाग सुरखी, २ भाग वाळू हे एक प्रचलित प्रमाण. कोणतंही मिश्रण आधी भिंतीच्या कोपऱ्यात हातभर जागेवर लावून महिनाभर पाहावं.

लाकडाच्या बाबतीत मधला भाग क्वचित फसवतो, दगा देतात ती टोकं. ओलाव्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेलं आणि तिथेच राहिलं की बुरशी धरते. आरी टोचून पाहावी: चांगल्या लाकडात ती जेमतेम शिरते आणि काढताना अडते, कुजक्यात लोण्यात जावी तशी जाते. ठोकल्यावर खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत पोकळ. टोक कुजलं म्हणून सगळी तुळई बदलणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट निर्णय. कुजकं तेवढं चांगल्या लाकडापर्यंत कापावं आणि त्याच जातीचा, नीट सुकवलेला तुकडा तिरप्या छाटानं जोडावा. छाटाची लांबी तुळईच्या उंचीच्या निदान तिप्पट धरावी, खिळ्यांऐवजी गंजरोधक पोलादाचे बोल्ट घालावेत आणि जोड कुठे येतो ते अभियंत्याकडून हिशेब करून घ्यावं. नवं टोक भिंतीत बसवताना दोन्ही बाजूंना आणि शेवटाला २०-२५ मिलिमीटर हवेची फट सोडावी. याच फटी नंतर कोणीतरी व्यवस्थित दिसावं म्हणून सिमेंटनं बुजवतो आणि कुजणं पुन्हा सुरू होतं.

चीर दिसली की लगेच भरायची नाही. ती जिवंत आहे की थांबलेली, हे आधी ठरवायचं. चिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू बसवावेत आणि त्यांच्यातलं अंतर व्हर्निअर कॅलिपरनं महिन्याला एकदा, वर्षभर मोजावं. वर्षभर अशासाठी की चिकण माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चार महिन्यांची नोंद भलतंच सांगते. चिरेवर काच चिकटवण्याची जुनी पद्धत आहे, पण फुटलेली काच हालचाल झाली एवढंच कळवते. किती आणि कुठल्या दिशेनं, ते नाही. चिरेचा आकारही बोलतो. वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर भिंतीची टोकं खचत आहेत, खाली रुंद असेल तर मधला भाग. ५ मिलिमीटरपर्यंतच्या, थांबलेल्या चिरा बहुधा चुन्यानं भरून भागतं. २५ च्या पुढे गेल्या की टेकू आधी, चर्चा नंतर.

इथे एका घराचा विचार अपुरा पडतो. जुन्या वस्तीत घरं एकमेकांना टेकून उभी असतात. सामाईक भिंतीत दोन्हीकडच्या तुळया शिरलेल्या असतात, कमानींचा रेटा शेजारच्या भिंतीनं पेललेला असतो. ओळीतलं मधलं घर पाडलं की शेजारच्या दोघांचा आधार जातो, आणि पिढ्यान्‌पिढ्या घराच्या पोटात असलेली भिंत पहिल्यांदाच पावसासमोर येते. तिला ना गिलावा, ना छपराची झडप. दोन पावसाळ्यांत ती कुजते. त्या जागी तळघरासाठी खोल खड्डा खणला तर शेजारच्या पायाखालची माती सरकते. त्यामुळे पाडकामाची परवानगी एका मालकापुरती मानणं मुळातच चूक आहे. पाडण्याआधी दोन्ही शेजारघरांतल्या प्रत्येक चिरेची तारखेसह छायाचित्रं, आडवे टेकू, उघड्या भिंतीला लगोलग चुन्याचा गिलावा आणि वर पाणी उतरवणारा पत्रा, एवढं तरी लेखी बंधन हवं. केवळ दर्शनी भिंत उभी ठेवून मागे नवी इमारत चढवणं हाही उपाय नाही. रस्त्यावरून वस्ती जुनी दिसते, पण तिची हाडं गेलेली असतात.

आग हा दुसरा सामाईक धोका, आणि ती दुरुस्ती चालू असतानाच जास्त लागते. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचं छप्पर १५ एप्रिल २०१९ ला जळालं तेव्हा तिथे परांच्या बांधून काम चाललेलं होतं. रंग जाळून काढणं, वेल्डिंग, डांबर वितळवणं ही कामं जुन्या लाकडी घरात शक्यतो करूच नयेत. करावीच लागली तर दिवसाच्या सुरुवातीला करावीत आणि संपल्यावर निदान तासभर एक माणूस तिथे नुसता पहाऱ्याला बसवावा. पोटमाळ्यावरचा शतकभराचा भुसा आणि धूळ ठिणगी पोटात घेऊन तासन्‌तास धुमसते. सलग छपरांच्या ओळीत दर घराच्या सामाईक भिंतीचा वरचा भाग कौलांपर्यंत भिडला आहे का, हे चढून पाहावं. तिथे फट असेल तर आग पूर्ण ओळ पार करते.

मोजणीचं महत्त्व पोलंडच्या वॉर्साइतकं कोणी समजून घेतलं नसेल. दुसऱ्या महायुद्धात तिथला जुना भाग ८५ टक्क्यांहून अधिक नष्ट झाला. तो पुन्हा उभा राहिला त्यात अठराव्या शतकातल्या बेर्नार्दो बेलोत्तोच्या चित्रांचा वाटा होताच, पण तिथल्या तंत्रविद्यालयाच्या वास्तुकला विभागानं केलेल्या आणि युद्धात लपवून वाचवलेल्या मोजणी-आराखड्यांचाही होता. १९८० साली तो भाग जागतिक वारसा यादीत गेला. म्हणून काम सुरू करण्याआधी १:५० चे आराखडे करावेत, दारं-खिडक्या-कंगोऱ्यांचे १:५ चे. खोली काटकोनी आहे असं गृहीत धरू नये; चारही भिंतींसोबत दोन्ही कर्ण मोजावेत, भिंतीला ओळंबा लावून कल टिपावा. मूळ गिलाव्याचा तुकडा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवला की चुना जातो, वाळू उरते. तिचं वजन आणि कणांचा आकार पाहून नवं मिश्रण जुळवता येतं. वाळूत शिंपले असतील तर तेही विरघळतात आणि हिशेब चुकतो, हे ध्यानात ठेवावं. जिथे पुरावा संपून अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असं वास्तुजतनाची तत्त्वं मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटलं आहे. गेलेल्या नक्षीच्या जागी अंदाजानं कोरलेली नक्षी बसवण्यापेक्षा साधी, सपाट फळी मला जास्त प्रामाणिक वाटते.

एवढं सगळं करून घरात माणूस राहिला नाही तर पन्हळ कोण साफ करणार? फ्रान्सनं १९६२ च्या मालरो कायद्यानं पूर्ण वस्तीला संरक्षण देण्याची पद्धत आणली. पॅरिसचा मारे भाग त्यामुळे वाचला, देखणा झाला, आणि तिथले कारागीर व भाडेकरू मोठ्या संख्येनं बाहेर गेले. इटलीत बोलोन्या शहरानं १९७३ मध्ये वेगळा मार्ग धरला: जुन्या केंद्रातली घरं दुरुस्त करायची ती सार्वजनिक गृहयोजनेचा भाग म्हणून, तिथल्या रहिवाशांना तिथेच ठेवून. ती योजना ठरली तशी पुरी झाली नाही, पण माणसं आणि भिंती एकाच आराखड्यात मोजण्याची तिची दृष्टी मला योग्य वाटते. राहत्या घराचं दुकान किंवा गोदाम करणं हा वापराचा साधा बदल नसतो. घराची जमीन चौरस मीटरला सुमारे २ किलोन्यूटन (साधारण २०० किलो) भाराच्या हिशेबानं धरतात, दुकानाची ४ च्या. तुळया त्याच राहतात, भार दुप्पट होतो.

राहणाऱ्याला संडास, न्हाणीघर, वीज हवीच, आणि ती नीट बसवता येते. ओल्या खोल्या वरखाली एका रेषेत घ्याव्यात, नळ भिंतीत गाडण्याऐवजी बाहेरून, दिसतील असे न्यावेत; गळती दिसली तर दुरुस्त होते. तारांसाठी दगडी भिंतीला आडव्या खाचा मारू नयेत, त्या भिंतीची जाडी तिथे कायमची कमी करतात.

१८७७ साली इंग्लंडमध्ये कलावंत-लेखक विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापली तेव्हा त्यांच्या जाहीरनाम्यात भव्य पुनर्निर्माणाऐवजी रोजच्या देखभालीचा आग्रह होता. ती देखभाल आजही तशीच आहे. पावसाआधी पन्हळी, नळ आणि गच्चीची तोंडं साफ करणं. सरकलेली कौलं बसवणं. भिंतीतून उगवलेलं वड-पिंपळाच्या जातीचं रोप ओढून न काढता बुंध्याशी कापून, मूळ मारून, भोक चुन्यानं भरणं. ओढलं तर मुळासोबत दगड सुटतो. पहिल्या जोरदार सरीत छत्री, विजेरी आणि वही घेऊन पोटमाळ्यापासून जोत्यापर्यंत एकदा उतरणं, आणि गेल्या वर्षीचं पान उघडून ओलीची रेषा किती बोटं सरकली ते लिहून ठेवणं.